ढालीची पिवळी बाजू

आधी काकूंचं सांगते, मग जे झालं ते. उलट सांगितलं तर वाचणाऱ्याला वाटायचं, काकूंनी घोळ घातला. आणि काकू म्हणजे घोळ घालणारी बाई, असं कुणाच्या मनात घटकाभरही यायला नको.

उज्जैनमध्ये मला माणसात आणलं ते काकूंनी. त्यांचं घर फ्रीगंजमध्ये, पहिल्या मजल्यावर, खाली औषधांचं दुकान. बँकेतून रिटायर झालेल्या. त्यांच्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. कोण्या सरदाराच्या दफ्तरात लिहिणं करायला म्हणून पूर्वी आली आणि राहिली. त्यामुळे काकूंचं मराठी निराळंच. "मी बोलली ना तुला," "टेंशन नको घेऊ," "जरा रुक." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. त्यांनाही माझं "लई" ऐकून हसू यायचं. "लई काय गं? खूप म्हण. नाहीतर बहुत म्हण. लई म्हटलं की मला वाटतं तू भांडायला आलीस."

मी सांगली जिल्ह्याच्या कोरड्या टोकाकडची. आठवीपर्यंत शिकले. नववीची शाळा पलीकडच्या गावात होती आणि त्याच वर्षी आमच्याकडची सकाळची एसटी बंद झाली. आई म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी आईची कंबर धरली. मग बघणं राहूनच गेलं. त्याबद्दल कुणावर राग नाही, पण पोटात एक भीती मात्र कायमची बसली, की आपल्याला कळलेलं बरोबर असेलच असं नाही. लग्न झालं, नवऱ्याला नानाखेड्याच्या स्टँडजवळ गॅरेजात काम मिळालं आणि आम्ही इथे आलो. मला हिंदी म्हणजे सिनेमातलं तेवढंच यायचं. भाजीवाल्याने "कित्ता दूँ?" विचारलं तरी मी आधी मनात उत्तर जुळवायची, तोवर तो पुढच्या बाईकडे वळलेला असायचा.

फ्रीगंजमधल्या एका साडीच्या दुकानात मी फॉल-पिकोचं काम धरलं. एकदा फॉल लावताना कापड कमी भरलं, तेव्हा मी आपल्याशीच पुटपुटले, "अगं बाई, आता काय करायचं?" समोर साडी घ्यायला आलेल्या काकू उभ्या होत्या. "मराठी? कुठली गं तू?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि मला इतकं भरून आलं की गावाचं नाव सांगायचं सोडून मी त्यांना नवऱ्याच्या गॅरेजचा पत्ता सांगितला.

त्यानंतर काकूंनी जे केलं ते लिहायला बसले तर हे सगळं तेवढ्यातच संपेल. त्यांच्या मागच्या खोलीत त्यांची एक शिलाई मशीन पडून होती. ती त्यांनी साफ करून घेतली, खिडकीशी लावली आणि म्हणाल्या, "इथे ये शिवायला. मला पण घरात आवाज पाहिजे." काका जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. बँकेतल्या मैत्रिणींचे ब्लाऊज, पडदे, नातवंडांची झबली, सगळं माझ्याकडे यायला लागलं. गिऱ्हाइकाला "नाही, हे दोन दिवसांत होणार नाही" असं हिंदीत कसं सांगायचं, तेही त्यांनीच शिकवलं. ते मला अजून नीट जमत नाही.

माझा स्वभाव मुळात धास्तीचा. कापडाला कात्री लावायच्या आधी माप पुन्हापुन्हा घेणार, लावल्यावर पुन्हा घेणार. गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणार. काकू म्हणायच्या, "पोरी, बाकीचे लोक काळजी करतात. तू तर काळजीचं दुकान उघडून बसलीस."

काकूंची एकच मुलगी. मी त्यांना ताई म्हणते, जरी समोरासमोर कधी भेटलो नाही. त्या जर्मनीत असतात. शहरात नाही, एका लहानशा गावात, जावयांच्या गावात. ओढा, एक जुनी गिरणी, चर्च, उतरत्या छपरांची घरं. रविवारी व्हिडिओ कॉल असायचा. मी कोपऱ्यात काजं-बटणं करत बसलेली, काकू फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायच्या आणि ताई तिकडून बर्फ दाखवायच्या, नातू दाखवायच्या. काकू तिकडे कधी गेल्या नाहीत. बाळंतपणाला जायचं होतं तेव्हा काका आजारी पडले, आणि काका गेल्यावर काकूंच्या गुडघ्यांनी मान टाकली. शिवाय मधे विमान बदलावं लागतं. "एवढ्या मोठ्या एअरपोर्टवर मी एकटी कुठे चक्कर मारत बसू?" म्हणायच्या. हसून म्हणायच्या, पण दर वेळी म्हणायच्या.

तर त्या गावाचा काहीतरी मोठा वाढदिवस होता. गावाचा वाढदिवस असतो हेच मला नवीन. ताईंनी सांगितलं की प्रत्येक घराने काही ना काही करून आणायचंय. कुणी लाकडाचं, कुणी विणलेलं. गावच्या सभागृहात ते मांडणार आणि जे सगळ्यांत चांगलं असेल ते मंचामागे टांगणार. ताईंनी फोनवर एक चित्र पाठवलं. ढाल होती ती. खालचा अर्धा भाग निळा, त्यात पांढरं चाक आणि चाकाखाली पाण्याची एक नागमोडी रेघ. वरचा अर्धा भाग पिवळा. नुसताच पिवळा.

"हे आमच्या गावाचं चिन्ह," ताई म्हणाल्या. "इथे प्रत्येक गावाचं असतं. शाळेवर, कचऱ्याच्या गाडीवर, सगळीकडे. आई, तू भैरवगढला हे छापून घे ना. आपल्या उज्जैनच्या हातचं. इथे अजून मला सगळे 'ती भारतातली' म्हणतात. इतकी वर्षं झाली, तरी ती भारतातली. एकदा हे त्या मंचामागे टांगलं गेलं ना…"

पुढचं त्या बोलल्या नाहीत. पण काकूंना कळलं आणि मलाही. दुसऱ्याच्या गावात राहणं काय असतं, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आणि ते पिवळं कशाचं?" काकूंनी विचारलं.

"शेतं असतील. इथे वसंतात मोहरीसारखी शेतं फुलतात, सगळा डोंगर पिवळा होतो." मग हसल्या. "मी कधी विचारलंच नाही. जसंच्या तसं कर, म्हणजे झालं."

फोन ठेवल्यावर काकू माझ्याकडे वळल्या. "शिवणार तू. जोडणार तू. छापण्यावर नजर ठेवणार तू. मला भैरवगढला दोनदा जिना चढता येणार नाही." माझ्या हातातलं बटण खाली पडलं. साडीचा फॉल बिघडला तर फ्रीगंजात बोलणी बसतात. हे बिघडलं तर थेट जर्मनीत बोलणी बसणार होती, आणि तीही ताईंना.

भैरवगढला, उज्जैनच्या छपाईवाल्यांच्या वस्तीत, आम्ही ज्या चाचांकडे गेलो ते काकूंच्या बँकेतले जुने खातेदार. चाचा ठशांनी कापड छापतात. लांब टेबल, त्यावर जाड गोणपाट आणि चादरींचे थर, एका बाजूला रंगाची तबकडी. ठसा रंगात टेकवायचा, कापडावर ठेवायचा आणि वरून मनगटाने एक ठोका. त्यांच्या मागे भिंतीला फळीवर लाकडी ठसे, इतके की भिंत दिसत नाही.

चाचांनी फोनवरचं चित्र मोठं करून, डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं. "मैडम, ये चक्का रथ का है क्या?"

"गिरणीचं चाक आहे. पनचक्की," काकू म्हणाल्या.

"अच्छा, आटा पीसने वाला गाँव है. फिर तो भूखा नहीं होगा." मग त्यांनी बोट वर सरकवलं आणि थांबले. "और इसमें?"

"इसमें कुछ नहीं."

"कुछ नहीं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी तरी काही लपवत असेन. "मैडम, ज़मीन सूनी नहीं छोड़ते हम लोग. बूटी तो डलती है. लोग कहेंगे उस्ताद का रंग ख़तम हो गया."

छपाईवाल्यांकडे कापडाच्या मोकळ्या भागाला जमीन म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. भैरवगढची चादर बघा, तिच्यात बोट ठेवायला मोकळी जागा सापडायची नाही. वेल नाहीतर बुट्टी, तेही नसेल तर निदान ठिपका.

चाकाचा ठसा नवा कोरून घ्यावा लागला. तो होईपर्यंत पिवळं आणि निळं कापड वेगवेगळं रंगवून घ्यायचं, मी मधोमध शिवण घालून दोन्ही तुकडे जोडायचे, मग ढालीच्या आकारात कापून पांढऱ्या जाड कापडावर बसवायचे, असं ठरलं. निळ्यावर चाक छापून झालं आणि ते सुंदर आलं. एकेक आरा स्वच्छ. पिवळं कापड बाजूला दोरीवर वाळत होतं. काकू त्या दिवशी मुद्दाम आल्या होत्या, माझा हात धरून एकेक पायरी. त्या खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ त्या पिवळ्याकडे बघत राहिल्या.

"पोरी, हे कसं दिसतंय माहीत आहे? हळद लावली आणि कुंकू लावायचं विसरलं, असं दिसतंय."

मलाही तसंच दिसत होतं.

"शेजारणीचा डबा आपण परत करतो तेव्हा धुऊन रिकामा देतो का? चिमूटभर साखर तरी घालतो. आणि मी माझ्या पोरीच्या घरी, एवढ्या वर्षांनी, अर्धं कापड कोरं पाठवू?" काकूंचा आवाज जरा चढला. "चाचा, तुमच्याकडे कैरी, आपली कोयरी, तिचा ठसा आहे का? जुना, छोटा?"

चाचा उठलेच. फळीवरून एक ठसा काढला, कडा झिजून गुळगुळीत झालेला. "दादा के हाथ की है."

"लाल रंगात. पिवळ्यावर."

तेव्हा मी म्हणाले, "काकू, ताईंना एकदा विचारू या का? त्या जसंच्या तसं म्हणाल्या होत्या."

"काय विचारायचं? तिथे अजून उजाडलं पण नसेल. आणि पोरीला माहेरून काय पाठवायचं ते पोरीला विचारतात का?" मग माझा चेहरा बघून हसल्या. "दुकान बंद कर तुझं. बघ कशी खूश होते ती."

चाचांनी पहिली कैरी छापली. मग दुसरी. ठोक्यांचा आवाज ठरलेल्या लयीत येत होता आणि पिवळं भरत चाललं होतं. खोटं कशाला बोलू, मला ते फार देखणं वाटलं. हळदीवर कुंकवाची बोटं उमटावीत तसं. काकूंचे डोळे भरले होते. त्या म्हणाल्या, "मी नाही गेली तरी हे जाईल. हे गेलं म्हणजे मीच गेली."

मी मधली शिवण हाताने घातली, मशीनवर नाही. कडा आत दुमडून बारीक टाका. काकू शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायच्या, मला दिसत असूनही. पार्सल गेलं त्या दिवशी काकूंनी चाचांकडे पेढे पाठवले.

फोन शुक्रवारी दुपारी आला. रविवार नव्हता, म्हणून मी लगेच घाबरले. गावाचा समारंभ रविवारी होता. काकूंनी फोन तांब्याला टेकवला आणि "मिळालं का गं?" म्हणून अशा हसल्या की ते हसणं मला अजून दिसतं.

ताईंच्या मागे टेबलावर ते कापड पसरलेलं होतं. ताई हसत नव्हत्या.

"आई, हे वर काय छापलंय?"

"कैऱ्या. छान आल्यात ना?"

"आई, मी जसंच्या तसं म्हणाले होते. वरची बाजू कोरीच असते. कोरीच ठेवायची असते ती. मी आज सभागृहात घेऊन गेले, सगळ्यांसमोर उघडलं, आणि सगळे गप्प झाले. एकाने विचारलं, हे रक्ताचे थेंब आहेत का?" ताईंनी मागे वळून कापडाकडे बघितलं. "ते नाही टांगणार. कुणी वाईट बोललं नाही गं. उलट फार गोड बोलले. पण नाही टांगणार." मग म्हणाल्या, "त्या शिवणाऱ्या बाईंना चित्र कळलं नाही का? तू नीट सांगायचं होतंस त्यांना."

मी फोनच्या चौकटीबाहेर बसले होते. अगदी हेच, असंच काहीतरी होणार, हे मी आठवीपासून धरून बसले होते. आणि खरं सांगायचं तर तिथे गप्प राहणं काकूंना किती सोपं होतं. आई आणि लेक, मधे सात समुद्र, आणि एक आठवी शिकलेली शिवणारी. दोष ठेवायला इतकी आयती जागा दुसरी नव्हती. मी मनातल्या मनात तो घेऊनही टाकला होता.

काकू म्हणाल्या, "तिला कळलं होतं. ती बोलली होती मला, ताईंना विचारू या. मीच ऐकलं नाही तिचं. कैऱ्या माझ्या आहेत."

"म्हणजे तू मुद्दाम…"

"हो. मुद्दाम."

"तू नेहमी असंच करतेस आई. माझ्या लग्नातसुद्धा मी साधं म्हटलं होतं, आणि तू अर्धं फ्रीगंज बोलावलंस. माझं काही जसंच्या तसं राहूच देत नाहीस तू."

ओढणीने, म्हणजे माझ्याच पडलेल्या ओढणीने, काकूंनी फोनची काच पुसली, जणू काचेवरच काही बसलंय.

तेव्हा मला कुठून धीर आला कोण जाणे. मी पुढे सरकले आणि पहिल्यांदाच त्या फोनमध्ये बोलले. "ताई, मधली शिवण हाताची आहे. उसवता येते. वरचा भाग काढा, तिथलं कुठलंही पिवळं कापड लावा. शिवण वरून पांढऱ्या टाक्याने दिसते बघा, तिथून सुरुवात करा. बारीक कात्रीने, ओढू नका." एका दमात बोलले. ताई माझ्याकडे बघत राहिल्या. "बघते," म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

त्या संध्याकाळी काकूंनी टीव्ही लावला नाही. मी घरी जायला निघाले तेव्हा म्हणाल्या, "उद्या लवकर ये. ते पडदे राहिलेत." पडद्यांची कुणालाच घाई नव्हती.

रविवार गेला. फोन आला नाही. सोमवारी ताईंचा आवाजातला निरोप आला, बराच लांबलचक. काकूंनी मला बोलावलं, "तू पण ऐक. तुझं पण आहे ते." आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून ऐकला.

ताई सांगत होत्या की समारंभाच्या आदल्या दिवशी गावातल्या एक आजी त्यांच्याकडे आल्या. गावच्या जुन्या वस्तू सांभाळतात त्या. त्यांनी कापडावरून हात फिरवला, टाके बघितले, आणि मग ढालीचा अर्थ सांगितला. खालचं चाक गिरणीचं, आणि पाण्याची रेघ म्हणजे ओढा. ते ताईंनाही माहीत होतं. पण त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर, फार पूर्वी आणखी एक वस्ती होती. तिथलं धान्यही याच गिरणीत दळायला यायचं. मग लढाया झाल्या, साथ आली, आणि ती वस्ती उठली. एकही घर राहिलं नाही. त्यांची शेतं हळूहळू खालच्या गावाने कसायला घेतली. पुढे कितीतरी पिढ्यांनी, आजींच्या वडिलांच्या काळात, गावाने आपलं चिन्ह काढायचं ठरवलं. वरची अर्धी जागा त्या वस्तीची, यावर कुणाचं दुमत नव्हतं. पण तिथे काढायचं काय? कुणी म्हणालं कणीस काढा, कुणी म्हणालं घंटा काढा. तेव्हाच्या गिरणीवाल्याने म्हणे सभेत सांगितलं, आपण त्यांची शेतं खातोय, आता त्यांची खूणही आपणच बनवायची का? त्यांची काय खूण होती ते सांगायला कुणी उरलं नाही. मग राहू द्या कोरं. पिवळा रंग तेवढा शेतांचा.

"मी इतकी वर्षं इथे राहते," ताईंचा आवाज म्हणाला, "रोज तुझ्या नातवाच्या शाळेवर ती ढाल बघते. आणि मला वाटायचं मोहरी. मी त्यांच्यातली व्हायला निघाले होते आणि साधं विचारलं नव्हतं. तुला काय बोलू? शनिवारी रात्री मी शिवण उसवायला घेतली. तुझ्या शिवणाऱ्या बाईंनी सांगितलं तशी, बारीक कात्रीने. अर्धी उसवली. मग त्या कैऱ्या माझ्या हातात सुट्या लोंबायला लागल्या, आणि मला पुढे कात्री चालवता येईना. मी तशीच घडी घालून कपाटात ठेवली. रविवारी आम्ही रिकाम्या हाताने गेलो."

निरोप संपला. काकूंनी तो पुन्हा लावला नाही. "चाय ठेव," म्हणाल्या. मी पाणी ठेवलं. चहा उतू गेला तरी दोघींपैकी कुणी हललं नाही.

त्यानंतर रविवारचे फोन सुरू राहिले. भांडण असं झालंच नाही. पण पूर्वी ताई खिडकीतून बर्फ दाखवायच्या, तसं काही दाखवणं कमी झालं. काकूही "काय बनवलं आज?" एवढं विचारून थांबायच्या. एकीला वाटायचं आपण फार बोललो, दुसरीला वाटायचं आपण ऐकलं नाही, आणि दोघी एकमेकींना सांभाळून घेण्याच्या नादात बोलेनाशा झाल्या. मी नवं कापड करून देते म्हणाले. चाचाही तयार होते. ते सगळं ऐकून चाचा कितीतरी वेळ कानाची पाळी चोळत बसले होते आणि शेवटी म्हणाले होते, "हमको क्या मालूम बेटा, सूना भी किसी का घर होता है." पण काकूंनी नाही म्हटलं. "दिलेलं बदलून देत नाहीत. आणि समारंभ तर झाला ना."

मी हे सगळं घरी नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, तुमच्या गावच्या वेशीवर तो दगड नाही का? खरंच, आमच्या वेशीवर एक वीरगळ होता. खाली लढणारा माणूस, वर सूर्य-चंद्र. त्याच्यावर बसून मी लहानपणी चिंचा खाल्ल्या, आईने त्याच्यावर सांडगे वाळवले. तो कुणाचा, हे मी कधी विचारलं नाही. भावाला फोन लावला. तो म्हणाला, "रस्ता काँक्रीटचा केला तेव्हा उचलला वाटतं. कुठं टाकला काय माहीत. तुला लई आठवण आली गं दगडाची?" मी म्हटलं, सहजच. त्या रात्री मला आई फार आठवली. तिला माहीत असेल का, हेही आता विचारता येणार नाही.

पण मला सगळ्यांत जास्त टोचतं ते दुसरंच. काकू त्या दिवशी टेबलाशी बसून म्हणाल्या होत्या की हे गेलं म्हणजे मीच गेली. मी तेव्हा मान डोलावली होती. सुईत दोरा ओवून देणाऱ्या त्या बाईला मी म्हणू शकले असते, काकू, कापड कसं जाईल तुमच्याऐवजी? काकू स्वतः गेल्या असत्या तर त्या आजींशेजारी बसल्या असत्या, एकीला जर्मन येत नाही, दुसरीला मराठी नाही, तरी त्यांनी पहिल्याच संध्याकाळी खुणा करून विचारलं असतं, हे वर पिवळं का? कारण काकू विचारतात. साडीच्या दुकानात एका अनोळखी पोरीला, कुठली गं तू, असं त्यांनीच विचारलं होतं.

मागच्या महिन्यात काकूंचा गुडघा फार धरला. मी तेल लावून देत होते. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "डॉक्टर बोलला, व्हीलचेअर मिळते एअरपोर्टवर. पण ढकलणारा आपला नसतो ना. मला भीती वाटते गं." काकूंना भीती वाटते, हे मी पहिल्यांदा ऐकलं. मला वाटायचं घाबरण्याचं काम या घरात माझ्याकडे आहे.

मी त्यांना तेव्हा काही बोलले नाही, कारण बोलून दाखवायचं आणि मग जमलं नाही तर, ही माझी जुनी खोड. पण भावाला सांगून माझा शाळा सोडल्याचा दाखला मागवलाय, पासपोर्टच्या कामाला लागतो म्हणतात. आठवीचा का होईना, माझ्या जन्मतारखेचा पुरावा आहे तो. विमानात मी कधी बसले नाही, जर्मन मला येत नाही, हिंदीतही मी अजून अडखळते. सगळ्याची धास्ती आहेच. तरी इथे लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही: काकू, ती खुर्ची मी ढकलीन. विमान बदलायचं तिथे बदलू, चुकलो तर दोघी चुकू. एक दिवस मी तुम्हाला तुमच्या लेकीच्या दारापर्यंत नेऊन सोडीन.